अर्धी नाशपाती

१

आमच्या घरात फळ नासलं की ते केराच्या डब्यात जात नाही, माझ्या टेबलावर येतं. ही मास्तरांनी लावलेली शिस्त. "अगं, तुझा पाहुणा आलाय," असं म्हणत ते दोन बोटांत धरलेलं सडकं संत्रं माझ्यासमोर ठेवतात आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, विनोद तोच आहे आणि हसणंही तेच.

मास्तर म्हणजे माझे यजमान. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मीही लग्नानंतर महिन्याभरात मास्तरच म्हणायला लागले. मी फळांवरच्या बुरशा ओळखते. पोटापाण्याचा उद्योगच तो. लिंबा-संत्र्यांवरची निळी, द्राक्षांवरची राखाडी, सफरचंदाला आतून पोखरणारी, बहुतेकींशी माझी तोंडओळख आहे. बाजारात मला लांबून पाहिलं तरी फळवाला टोपलीवर फडकं ओढतो.

गेल्या वर्षी मास्तर छातीच्या दुखण्यानं आडवे झाले. दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात बाकावर बसून मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं, ते आठवलं की आता लाज वाटते, कारण मी देव-बिव मानत नाही. मास्तर परत आले. तेव्हापासून त्यांचा श्वास ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि ते घोरतात म्हणून ऐकल्यावरही लागत नाही. त्यांची प्रत्येक रात्र मला तोंडपाठ आहे.

त्यांना एक वाईट खोड आहे. अर्धं फळ खायचं आणि उरलेलं कुठंतरी ठेवून विसरायचं. एका सकाळी रेडिओमागची धूळ पुसताना मला अर्धी नाशपाती सापडली. किती दिवसांची होती देव जाणे, पण टणक होती, सालीवर सुरकुतीही नव्हती. बुरशी होती ती फक्त चावलेल्या भागावर, दातांच्या खुणांमध्ये नीट बसलेली. रंग ओठाच्या आतल्या बाजूचा.

असा रंग मी आजवर कुठल्या बुरशीचा पाहिला नव्हता. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून तो तुकडा फेकून मोकळी झाली असती. मी झाकणाची स्वच्छ डबी शोधायला धावले.

२

आमची प्रयोगशाळा संस्थेच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला आहे. दोन खोल्या, मध्ये एक काचेचं दार. माझ्या खोलीत सूक्ष्मदर्शक, एक गळका नळ आणि भिंतीला लागून बुरशा वाढवायची उबदार कपाटं. ती दिवसभर एका सुरात गुणगुणत असतात. पलीकडच्या खोलीत बाटल्या आणि फवारे. दार लावलेलं असलं तरी तिथला कडवट वास माझ्या खोलीत येतोच. घरी गेल्यावर मास्तर म्हणतात, आज पुन्हा पलीकडे डोकावलीस वाटतं.

नव्या बुरशीचं काम ठरलेलं असतं. सुईच्या टोकावर एकच बीजाणू उचलायचा आणि काचेच्या गोल, चपट्या प्लेटमधल्या घट्ट खळीवर, म्हणजे बुरशीच्या खाद्यावर, मधोमध ठेवायचा. वर झाकण, मग प्लेट कपाटाच्या अंधारात. बीजाणूतून तंतू निघतात, चहूकडे सारखे पसरतात आणि काही दिवसांत नाण्याएवढा गोल दिसायला लागतो. मग मोजमापं, मग जुन्या वर्णनांशी ताडून पाहणं. ओळख पटली तर ठीक, नाही पटली तर नवी जात आणि नवं नाव. नाव मिळालं की तिला पलीकडच्या खोलीत न्यायचं आणि कुठल्या औषधानं ती मरते ते बघायचं. आमची संस्था शेवटी फळं टिकवण्यासाठी आहे, बुरशांची बारशी करण्यासाठी नाही.

नाशपातीवरची बुरशी कशाशीच जुळली नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. तिच्या गोलावर वर्तुळं होती, एकात एक.

वर्तुळं काही बुरशांवर उमटतात, नाही असं नाही. दिवसा उजेडात वाढ एक प्रकारची, रात्री अंधारात दुसऱ्या प्रकारची, म्हणून पट्टे पडतात. पण माझं कपाट सदा अंधारं. तिथं ना दिवस ना रात्र, मग वर्तुळं कशाची? कुणीतरी सारखं दार उघडत असणार, असं म्हणून मी आधी सगळ्यांवर डाफरून घेतलं. मग प्लेट काळ्या कागदात गुंडाळून ठेवली. कागद सोडला तेव्हा बाहेरच्या बाजूला नवी वर्तुळं तयार होती.

आमचे खातेप्रमुख म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. पोरगा हुशार, पण सदा घाईत. तो प्लेट पाहून नाचायचाच बाकी होता.

"बाई, नवीन जात! तुमच्या निवृत्तीच्या आत छापून आणू. काय योग आहे!"

"योग-बिग राहू दे. आधी ही वर्तुळं कशानं पडली ते सांग."

"पडली असतील कशानंही. वर्णनात लिहू, अंधारात वर्तुळं दिसतात. वैशिष्ट्य आहे ते तिचं."

"न समजलेल्या गोष्टीला वैशिष्ट्य म्हणायचं, हे मी शिकवलं नव्हतं हं तुला," मी म्हणाले. तो हसत निघून गेला.

३

उजेड-अंधाराची वर्तुळं सारखी असतात, कारण सूर्य कामचुकार नाही. ही सारखी नव्हती. एक रुंद गडद पट्टा, मग फिकी जागा, मग अरुंद गडद रेघ, पुन्हा फिकी जागा. मग परत रुंद. प्लेट दिव्यासमोर धरून मी बराच वेळ बघत राहिले. हा ठेका माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

आठवला तो डबा खाताना. रुंद पट्टा म्हणजे रात्र आणि अरुंद रेघ म्हणजे जेवणानंतरची डुलकी.

मला हसू आलं. तोंडातला घास कसाबसा गिळला, हात धुतले आणि डोक्यातलं खूळ एकदाचं जावं म्हणून प्लेट पुन्हा काढली. कडेकडून आत बघत गेले. एका ठिकाणी रुंद पट्टा नव्हताच. त्याच्या जागी केसाएवढ्या बारीक, तुटक रेघा होत्या. त्या रात्री मास्तरांची दाढ ठणकत होती. जरा टेकले की उठायचे, गुळण्या करायचे, पुन्हा टेकायचे. त्याच्याही आत एक पट्टा भलताच जाड होता. खोकल्याच्या औषधाची गुंगी चढून ते दुपारपर्यंत उठले नव्हते, तेव्हाचा. घाबरून मी त्यांच्या नाकाशी हात धरून बसले होते.

मी प्लेट खाली ठेवली. नळ ठिबकत होता. माणसाला ढगात घोडे दिसतात, मला बुरशीत नवरा दिसला, एवढंच. वय झालं की असं व्हायचंच. असं स्वतःला चांगलं सुनावून मी प्लेट कपाटात परत ठेवली. ठेवताना मात्र दोन्ही हातांनी धरली आणि दार अगदी हळू लावलं.

४

त्या संध्याकाळी मास्तर बाहेरच्या खोलीत जगाच्या नकाशावरची धूळ झटकत होते. हा नकाशा शाळेनं त्यांना निरोपाच्या वेळी दिला. त्यानं आमची एक अख्खी भिंत खाल्ली आहे.

"झोप कशी लागते हो हल्ली?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कधीपासून डॉक्टरीण झालीस?"

"सांगा तरी."

"छान लागते. फारच छान. फक्त..." त्यांनी फडकं झटकलं. "जाऊ दे. हसशील."

"तुमच्या विनोदांना कधी हसलेय का मी? बोला."

मास्तर फडकं हातात घेऊन खुर्चीवर बसले. "झोपेत मी पसरतो गं. चहूकडे, अगदी सावकाश. कुठं काही दुखत नाही, छातीत जड वाटत नाही. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! पण पुढे गेलं की भिंत लागते. गुळगुळीत आणि गार. आणि ती गोल आहे. मी सगळीकडून चाचपून पाहिलीय. आता मध्ये थोडीच जागा उरलीय. ती संपली की काय, कोण जाणे."

"रात्रीचं जेवण कमी करा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मास्तर माझ्या खोलीत कितीदा तरी आले आहेत, प्लेटी त्यांनी पाहिल्या आहेत. पाहिलेलंच माणसाच्या स्वप्नात येतं. याला मी शहाणपण म्हणते आणि त्या वेळीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट पाहिली. गोल वाढत वाढत काचेच्या कडेपाशी पोचला होता. जेमतेम नखाएवढी जागा उरली होती. मी मोठ्यातली मोठी प्लेट घेतली, ताजी खळी ओतली आणि कडेचा एक कण उचलून तिच्यात लावला. जुनी प्लेट टाकायचा धीर झाला नाही, म्हणून तीही ठेवली.

त्यानंतरच्या सकाळी मास्तरांनी अंथरुणातच हातपाय ताणले आणि म्हणाले, "आज भिंत नव्हती बरं का."

५

शंका आली की तपासायची, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले. आणि तपासणं इतकं सोपं होतं की टाळायला निमित्तही सापडेना. गारठ्यात बुरशी वाढायची थांबते. सगळ्या प्लेटी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायच्या. घरी काही होणार नाही, होणं शक्यच नाही, आणि मग मला पुन्हा सुखानं डबा खाता येईल.

सकाळची वेळ निवडली, कारण सकाळी मास्तर कधी झोपत नाहीत. आधी घरी फोन केला.

"काय करताय?"

"पेन्सिली तासतोय. का गं?"

"काही नाही. फोन जवळच ठेवा."

मी प्लेटी फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दार लावलं. फ्रिज घरघरला, मग शांत झाला. मी स्टुलावर बसून राहिले. कपाटांचा सूर, नळाचं ठिबकणं, बोळातून जाणाऱ्या कुणाच्या तरी चपला. मग पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. थांबली. मी परत लावला. परत नुसती घंटा.

ऐकू आलं नसेल. न्हाणीघरात असतील. शेजारणीशी गप्पा मारत असतील. ही सगळी कारणं मी मनात म्हणत होते आणि हात फ्रिजकडे गेले होते. प्लेटी बाहेर काढल्या, तळहातांत धरल्या, पदराखाली धरल्या. काच गार होती, लवकर कोमट होईना. कुणी पाहिलं असतं तर माझी रवानगी भलतीकडेच झाली असती.

बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला.

"तू केला होतास का गं?" मास्तरांचा आवाज जड होता. "अचानक डोळाच लागला बघ. पेन्सिल हातात तशीच. आणि काय थंडी वाजली! आता जरा ऊब आली."

"कुठून ऊब आली?" मी विचारलं.

"कोण जाणे. कुणीतरी पदर घातल्यासारखं वाटलं."

एकदा घडलेल्या गोष्टीला शास्त्रात काडीची किंमत नाही. प्रयोग पुन्हा करावा लागतो, पुन्हा पुन्हा करावा लागतो, तेव्हा कुठं काही म्हणता येतं. मी पुन्हा केला नाही. माझी हिंमतच झाली नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

६

तेव्हापासून मी त्या बुरशीची आई झाले. जागा संपायच्या आत नवी प्लेट, खळी रोज ताजी, कपाटाची ऊब जराही कमी-जास्त नाही. मास्तरांची तब्येत दृष्ट लागण्यासारखी झाली. जिना न थांबता चढायला लागले. शेजारीण म्हणाली, "काय खायला घालता हो यांना?" मी म्हणाले, खळी. ती हसली.

प्रमुखाला मात्र धीर धरवेना.

"बाई, वर्णन झालं, चित्रं झाली. आता मूळ नमुना तेवढा करून टाका ना!"

इथं थोडं सांगायला हवं. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक मूळ नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, उद्या कुणाला शंका आली तर त्याच्याशी ताडून पाहता यावं म्हणून. हा नमुना जिवंत चालत नाही, कारण जिवंत वस्तू बदलते. म्हणून प्लेट वाळवून मारतात. किंवा बुरशी कुप्यांमध्ये भरतात आणि द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपात इतकी गारठवतात की तिचं जगणं जागच्या जागी थांबतं.

"घाई कसली आहे?" मी म्हणाले. "मला तिच्यात भेसळ वाटते. पुन्हा एका बीजाणूपासून सुरुवात करते."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. आणि एवढ्या प्लेटी कशाला ठेवल्यात? कपाटात दुसऱ्या कुणाला जागा नाही."

"राहू देत. तुझं काय खातात त्या?"

तो जवळ आला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, जिवंतपणी नाव नाही, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. फळ्यावर लिहून."

शिकवला होता. खरं सांगावं असं एकदा मनात आलंही. पण काय सांगणार? माझा नवरा तुझ्या कपाटात आहे म्हणून? त्यानं सहानुभूतीनं मान हलवली असती आणि माझी निवृत्ती आणखी अलीकडे आणली असती. मी प्लेटी पुसत बसले, आणि तो काचेचं दार हळूच लावून गेला.

७

मास्तरांच्या तपासणीसाठी मी एक दिवस सुट्टी घेतली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कागद पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं हृदय माझ्यापेक्षा धडधाकट आहे." मास्तर इतके खूश झाले की येताना त्यांनी पिशवीभर नाशपात्या घेतल्या.

घरी आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. मास्तर नकाशासमोरच्या खुर्चीत बसून नाशपाती खात होते आणि मला एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होते. ती मी शंभरदा ऐकली आहे.

"आणि मग मी त्याला विचारलं, बाळा, समुद्र कुठंय? तर तो पठ्ठ्या म्हणतो कसा..."

पुढचं आलं नाही. मी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले तर मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ओठ शब्दासाठी उघडले होते तसेच. हातात अर्धी नाशपाती.

मी हाक मारली. खांदा हलवला. गालावर चापटी मारली. श्वास होता, पण दोन श्वासांमध्ये इतकं अंतर की प्रत्येक वेळी वाटे, हा शेवटचा. आणि हात गार, उन्हात असूनही गार.

शेजारणीला बोलावलं, डॉक्टरांना कळवलं आणि प्रयोगशाळेला फोन लावला. प्रमुखानंच उचलला.

"बाई! सुट्टीच्या दिवशी फोन? आता केलाच आहे तर सांगतो. उद्या आल्यावर सांगणार होतो, गंमत म्हणून." त्याचा आवाज आनंदानं फुलला होता. "तुमचं काम मी उरकून टाकलं. काही प्लेटी वाळवल्या, बाकी सगळं कुप्यांत भरून सकाळपासून गारठवत होतो. शेवटची कुपी आत्ताच पिंपात सोडली. आणि नाव तुमचं दिलंय, बाई. तुमच्या नावाची जात!"

८

मी पोचले तेव्हा तो पेढे वाटायच्या थाटात उभा होता. माझा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. माझं कपाट रिकामं होतं, आतून लख्ख पुसलेलं. टेबलावर वाळवलेल्या प्लेटी होत्या. खळी आकसून तिचा पापुद्रा झाला होता. त्या ओठाच्या रंगावर आता धूळ बसल्यासारखी वाटत होती.

"ही मेली," मी म्हणाले.

"मूळ नमुना आहे, बाई. मरणारच. पण कुप्यांमधली नुसती झोपलीय. शंभर वर्षांनी उठवली तरी उठेल."

"उठव."

"आत्ता? पण कशासाठी?"

"मी सांगते म्हणून. उठव तिला."

काय वाटलं त्याला कुणास ठाऊक. वर्गात पुस्तक उघड म्हटल्यावर उघडायचा, तसा तो मुकाट्यानं उठला. पिंपाचं झाकण काढलं, पांढरी वाफ जमिनीवर सांडली. त्यानं एक कुपी बाहेर काढली आणि कोमट पाण्यात धरली. मी ताजी प्लेट घेतली. थेंब त्यानं सोडला.

मग वाट पाहणं. मास्तरांना दवाखान्यात हलवलं होतं. तोच बोळ, तोच बाक. डॉक्टर म्हणत, "झोपलेत. का उठत नाहीत ते आम्हालाही कळत नाही." मी बाकावरून कपाटाकडे आणि कपाटाकडून बाकावर अशा चकरा मारत होते. खळी कोरीच होती. शेवटी एका सकाळी दिव्यासमोर प्लेट तिरकी धरली तेव्हा मधोमध एक तंतू दिसला. एकच, आणि ओठाच्या आतल्या रंगाचा. मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले.

दवाखान्यात पोचले तर मास्तर उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, हसले. मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. एक तळवा कोमट होता आणि दुसरा बर्फासारखा.

"आलीस," ते म्हणाले. मग माझ्या मागे, दाराकडे आणि खोलीभर पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "मी एकटाच उठलो का गं?"

"म्हणजे?"

"बाकीचे अजून गारच आहेत," मास्तर म्हणाले. "त्यांना कधी उठवणार?"

९

पिंपातल्या सगळ्या कुप्या मी उठवल्या. प्रमुखानं कारण विचारलं नाही. एकेक प्लेट उगवली तसा मास्तरांचा दुसरा हातही कोमट होत गेला. ते घरी आले. जिना चढले. रेडिओमागे फळं ठेवू लागले. एका दुपारी मी विचारलं, "आता सगळे उठले?"

मास्तर खुर्चीतून उठले. मग नकाशासमोर जाऊन उभे राहिले आणि निळ्या समुद्राच्या मधोमध त्यांनी बोट ठेवलं.

"थोडे इथं आहेत," ते म्हणाले. "गार आहेत, पण हलतायत."

मी स्वयंपाकघरात जाऊन प्रमुखाला फोन केला आणि सगळ्या कुप्या इथंच होत्या ना, असं विचारलं. तो गडबडला. सगळ्या नाहीत, बाई. पहिल्या खेपेच्या त्याच सकाळी परदेशातल्या एका संस्थेकडे रवाना केल्या. नियमच आहे तसा, दुसऱ्यांनाही पडताळून पाहता आलं पाहिजे. बर्फात घालून, जहाजानं.

"परत मागव."

"आता कशा परत येणार? आणि चांगली माणसं आहेत ती. जपून उगवतील."

"आणि उगवल्यावर?"

"उगवल्यावर काय, नेहमीचंच. पलीकडची खोली त्यांच्याकडेही आहे," तो म्हणाला.

त्या संस्थेला मी रोज फोन करते. तिथली बाई गोड बोलते, निरोप देते म्हणते, आणि फोन ठेवते. रोज दुपारी डुलकी झाली की मास्तर नकाशापाशी जातात. बोट समुद्रावरून सरकत सरकत किनाऱ्याला लागलं. मग एका दुपारी त्यांनी बोट काढून घेतलं आणि ते नुसतेच हसत उभे राहिले.

"पोचले," ते म्हणाले. "झाकण उघडलं. काय मोठा दिवा आहे गं तिथं! आणि ऊब आहे, तुझ्या कपाटासारखी." ते दिवस फार चांगले गेले. मास्तर गुणगुणायला लागले, मला आयतं हातात चहा आणून द्यायला लागले. फोनवरची बाई म्हणाली, छान वाढतेय तुमची बुरशी, काळजी नसावी. मीही म्हटलं, कदाचित तिथली माणसं तिला तशीच राहू देतील. कपाटात विसरतील, माणसं विसरतातच की.

आज आम्ही जेवून उठलो. मास्तर खुर्चीत बसून नाशपाती सोलत होते, मी टेबल पुसत होते. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. घरात मघाच्या चहाचा आणि कापलेल्या फळाचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. मास्तरांचा हात थांबला. त्यांनी नाक वर केलं, इकडे तिकडे वळून पाहिलं. मग गळ्याशी हात नेऊन माझ्याकडे पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "कसला कडवट वास येतोय बघ. तुला येतोय का?"